न निघणारी नखं

"तुटलं," आत्या म्हणाली.

"नख?" मी आशेनं विचारलं.

"नाही गं. नेलकटर."

दोन तुकडे तिच्या तळहातावर पडले होते आणि माझ्या अंगठ्याचं नख होतं तसंच होतं. गुलाबी, लांबलचक, टोकाला सोनेरी चमकी आणि मधोमध एक बारीक खडा. त्याच्यावर साधा ओरखडाही नव्हता. अशी दहा होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, आत्या हसत होती. खदखदून नाही, ओठ आत दाबून.

"हसतेस काय? दुपारी माझी मॅच आहे!"

"हसत कुठेय मी?" असं म्हणून तिनं ओठ आणखी दाबले.

ही मॅच म्हणजे काय होती ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल एवढं काय त्यात. मी तेव्हा आठवीत. पाचवीपासून शाळेच्या कबड्डी संघात होते, पण राखीव. राखीव म्हणजे मुलींचे स्वेटर सांभाळायचे, पाण्याची बाटली न्यायची आणि फोटोत कडेला उभं राहायचं. एका वर्षी तर फोटोवाल्यानं मला कापूनच टाकलं होतं, माझं फक्त कोपर आलं. पण त्या वर्षी तालुक्याच्या अंतिम सामन्याआधी आमच्या उजव्या कोपऱ्यातल्या स्नेहलला कांजिण्या आल्या, आणि नलवडे सरांनी माझ्याकडे बघून एक लांब श्वास सोडला. "खवरे, तू." बस्स, एवढंच म्हणाले. मी त्या रात्री गुडघ्याच्या पट्ट्या घालूनच झोपले.

आता ही नखं कुठून आली? तर वंदाआत्या. माझ्या बाबांची धाकटी बहीण. सासर कायमचं सोडून दोन वर्षांपूर्वी पलूसला आमच्याकडे आली होती आणि पुढच्या खोलीत तिनं पार्लर काढलं होतं. दर शनिवारी सांगलीहून एक बाई गावात येऊन आत्यासकट पाच-सहाजणींना नखांचा कोर्स शिकवत. त्याची परीक्षा नेमकी मॅचच्या सकाळी. कॉलेजातली जी मुलगी हात द्यायला येणार होती तिनं ऐनवेळी फोनच उचलला नाही. आत्या दारात चप्पल घालून उभी, डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, माझे घे हात.

"पण तुझी मॅच..."

"परीक्षा झाली की काढून टाक."

"हो, हो. काढायला काय लागतंय!"

हे वाक्य ती ज्या खात्रीनं म्हणाली ना, ती खात्री मी आजही विसरलेले नाही. परीक्षेत तिनं माझ्या नखांना कागदी साचे लावले, त्यावर मधासारखं घट्ट जेल पसरलं आणि हात एका निळ्या दिव्याच्या डब्यात घालायला लावले. आत जेल दगडासारखं झालं. बाहेर पडले तेव्हा माझे हात एखाद्या नवरीचे दिसत होते आणि वरचा भाग कबड्डीच्या जर्सीतला. मग कोल्हापूरहून आलेल्या परीक्षक बिरनाळे मॅडमनी मला हात धुऊन बाहेर बसायला सांगितलं. आत्या बऱ्याच वेळानं बाहेर आली.

"कसं झालं?"

"झालं," ती म्हणाली. "चल घरी."

आणि घरी आल्यावर हे. नेलकटर गेलं. मग तिनं रिमूव्हरमध्ये कापूस बुडवून, वर चांदीचा कागद गुंडाळून माझी दहाही बोटं बांधली. मी पुरणाच्या दिंडांसारखी बोटं घेऊन बसून राहिले. कागद सोडला, तर नखं अजून चकचकीत झालेली! धूळ निघून गेली होती.

"आत्या, खरं सांग. तुला काढता येतात ना?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली. "अगं, लावायचं शिकवलं त्यांनी. काढायचं पुढच्या महिन्यात आहे."

"पुढच्या महिन्यात?"

"कोर्स तसाच आहे बाई. मी काय करू!"

मी तिच्या हातातून जेलचा डबा ओढला. बारीक अक्षरांत कायकाय लिहिलेलं. हायड्रॉक्सीइथाइल मेथाक्रिलेट. मी ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा वेगळं वाचलं. खाली लिहिलं होतं, त्वचेला लागू देऊ नये. तेव्हा मला कळलं की मघापासून नखांच्या मुळाशी खाज का येतेय. आत्यानं माझ्या नखांबरोबर थोडं बोटांनाही लिंपलं होतं.

"निघतच नाहीये गं," आत्या पुटपुटली. आणि पुन्हा तेच. ओठ दाबून.

मला तेव्हा तिचा इतका राग आला, इतका की मी तिला 'अहो आत्या' म्हणाले. आमच्या घरात हे भांडणाचं शेवटचं टोक.

* * *

मैदानावर नलवडे सर चुना मारलेल्या रेषा बघत उभे होते. मी हात पाठीमागे धरून गेले. सरांना पाठीमागे धरलेले हात लगेच दिसतात, ते पीटीचे सर आहेत.

"दाखव."

दाखवले.

सरांनी शिट्टी तोंडातून काढली, खिशात ठेवली, परत काढली, परत तोंडात घातली.

"लग्न आहे काय कुणाचं?"

"सर, परीक्षा होती..."

"तुझी?"

"आत्याची."

"मग नखं आत्याला लावायची की!"

"स्वतःच्या हातानं स्वतःची दहा लावता येत नाहीत ओ सर," आत्या मागून म्हणाली. ती माझ्या मागोमाग आली होती. "उजव्या हाताची पंचाईत होते."

सरांनी तिच्याकडे बघितलं, मग आभाळाकडे. "आज पंच कोण आहे माहितीय? गुरव. गेल्या साली अंकलखोपच्या पोरीची हातातली राखी सोडवायला लावली त्या माणसानं. राखी! नखावर असलं काही दिसलं की सरळ बाहेर. नियम म्हणजे नियम. सगळं निघालं पाहिजे. सगळं. समजलं?"

समजलं होतंच की. पण समजून नखं निघत नाहीत. सरांनी शेजारच्या सायकल दुकानातून कानस मागवली. ट्यूबचं पंक्चर काढायच्या आधी घासतात ती. मला बाकावर बसवलं, माझा अंगठा गुडघ्यावर दाबून धरला आणि घासायला लागले. खर्र, खर्र, खर्र. मुली भोवती गोळा झाल्या. कॅप्टन अनुजा म्हणाली, "सर, धूर येतोय." धूर नव्हता, बारीक गुलाबी पीठ होतं. पण नख असं तापलं की मी बाकासकट उभी राहिले.

सरांनी चष्मा पुसून पाहिलं. खडा गेला होता. बाकी नख जिथल्या तिथे.

"आयला," सर म्हणाले. सर असं कधी म्हणत नाहीत. "हलतसुद्धा नाही."

"जरासुद्धा नाही?" आत्यानं पुढे वाकून विचारलं. "कडेनंसुद्धा नाही? नीट बघा ना सर."

आणि तिचा चेहरा! पेढे वाटायचे बाकी होते फक्त. मी रडकुंडीला आलेय, मॅचला तास-दीड तास राहिलाय, आणि माझी सख्खी आत्या माझ्या बरबादीवर खूश होतेय. मी ठरवून टाकलं की यापुढे हिच्याशी बोलायचं नाही. मॅचनंतर. आत्ता नखं काढायला ती लागणार होती.

अनुजाच म्हणाली, "मुजावर मॅडमकडे जाऊ या का? त्यांनी माझ्या आजीची कवळी घासून दिली होती. असली मशीन आहे त्यांच्याकडे, टुर्रर्र करणारी."

* * *

डॉक्टर मुजावर मॅडमचा दातांचा दवाखाना मैदानाच्या समोरच. मी, आत्या आणि सर, तिघं आत शिरलो, आणि मी दारातच थिजले. खुर्चीत गुरव पंच बसले होते.

पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात शिट्टी, गालात कापसाचा बोळा. त्यांची दाढ नुकतीच काढली होती. अर्धा चेहरा सुन्न होऊन खाली लोंबत होता, त्यामुळे ते एका बाजूनं चिडलेले आणि दुसऱ्या बाजूनं दुःखी दिसत होते. मी हात पाठीमागे नेले, पण तोपर्यंत सरांनी माझं मनगट धरून मॅडमसमोर वर केलं होतं. गुरवांचे डोळे माझ्या नखांवर खिळले.

"हूं?" ते म्हणाले.

"काढतोय साहेब, काढतोय," सर घाईघाईनं म्हणाले. "सगळं काढतोय. तुम्ही बोलू नका. मॅडम, त्यांना बोलायचं नाही ना?"

"अर्धा तास बोळा काढायचा नाही," मॅडम म्हणाल्या. माझं बोट त्यांनी दिव्याखाली धरलं आणि त्यांचे डोळेच चमकले. "अरे वा. ही तर आमचीच मंडळी."

"म्हणजे?"

"दातात सिमेंट भरतो ना, निळ्या लाइटखाली कडक होतं ते? त्याचीच चुलत बहीण आहे ही. दाताला चिकटवायच्या औषधात आम्ही हेमा वापरतो, यातही हेमाच आहे."

"हेमा कोण?" सरांनी विचारलं. "कुठल्या शाळेची?"

हेमा म्हणजे डब्यावरच्या त्या लांबलचक नावाचं छोटं रूप, हे मला नंतर कळलं. मॅडमनी माझ्या नखाच्या मुळाशी लाल झालेली कातडी बघितली आणि आत्याकडे वळल्या. "हे कातडीला लावलंत तुम्ही. कच्चं असताना कातडीला लागलं की काही जणांना ॲलर्जी होते, आणि एकदा झाली की जन्मभराची. मग उद्या ही माझ्याकडे दात भरायला आली तर मी काय करू? पुढच्या वेळी कडेनं केसभर जागा सोडायची. कळलं?"

"हो मॅडम," आत्या शाळेतल्या मुलीसारखी म्हणाली. मग हळूच, "पण पकड कशी वाटते?"

"पकड ना? दातावर अशी बसली असती तर कोल्हापूरहून पेशंट आले असते माझ्याकडे."

आत्यानं तोंडावर पदर धरला.

कवळी घासायची मशीन सुरू झाली. टुर्रर्र. मॅडमचा हात इतका हलका की मला फक्त गुदगुल्या होत होत्या. गुलाबी पीठ उडत होतं, मला शिंका येत होत्या, आणि बाजूच्या खुर्चीत गुरव पंच विचित्र वागत होते. आधी ते नुसते "हूं, हूं" करत होते. मग बोटांची कात्री करून दाखवायला लागले.

"हो साहेब, कापतोच आहोत," सर म्हणाले.

त्यांनी मान जोरजोरात हलवली. स्वतःच्या नखाच्या टोकाकडे बोट केलं, मग नखाच्या वरच्या भागावर हात फिरवून, 'जाऊ दे' असं काहीतरी केलं.

"जाऊ दे म्हणतायत," मी घाबरून म्हटलं. "सर, मला जाऊ दे म्हणतायत. बाहेर काढतायत!"

"बाहेर नका काढू साहेब! नऊ झालीत!"

खरंच नऊ झाली होती. खडबडीत, पांढरट, कुरूप, पण माझी. मशीन डाव्या करंगळीजवळच्या बोटावर आली.

"थांबा!" आत्या ओरडली.

मशीन थांबली.

"ते... ते एक राहू द्या."

"आत्या!" मला वाटलं हिला वेड लागलंय. "एका नखासाठी मला बाहेर बसवतील!"

आत्या सुन्न गालाच्या पंचांकडे बघत होती, माझ्याकडे नाही. "बिरनाळे मॅडम म्हणाल्या, पकड कच्ची आहे," ती म्हणाली. "आठवड्यात उचलून येतील म्हणाल्या. निकाल राखून ठेवलाय माझा. सगळ्याजणींच्या देखत म्हणाल्या, यांचं काम दिसायला छान आहे हो, पण टिकायचं नाही."

मुजावर मॅडमनी मशीन खाली ठेवली.

टिकायचं नाही. हे वाक्य आमच्या घरात नवीन नव्हतं. आत्यानं शिवण काढलं, बंद पडलं. शिकवण्या घेतल्या, बंद पडल्या. आणि सासरचं तर... बाबा जेवताना सहज म्हणायचे, 'वंदाचं काही टिकत नाही.' चांगल्या मनानं म्हणायचे, आमटी वाढून घेता घेता. आणि आत्या त्यांना आणखी थोडी आमटी वाढायची. सकाळपासून प्रत्येक वेळी नख निघालं नाही की ती का हसत होती, ते मला एकदम कळलं.

"संध्याकाळच्या गाडीनं जाणार आहेत त्या," आत्या म्हणाली. मग तिनं स्वतःलाच झटकलं. "पण नको. काढा मॅडम. काढा ते. हिची मॅच आहे. तीन वर्षं स्वेटर सांभाळलेत पोरीनं."

मॅडमनी मशीन सुरू केली. मी बोट मागे घेतलं.

"नको मॅडम," मी म्हटलं. "राहू दे."

"खवरे!" सर ओरडले.

"सर, मी नाही खेळत. मी बसते राखीव. मला येतं ते." माझा आवाज चिरकत होता, पण मी बोट मुठीत घट्ट दाबून धरलं होतं. "आत्या, बिरनाळे मॅडमना घेऊन ये जा. मी इथेच थांबते."

"अगं पण..."

"जा ना!"

आणि तेव्हा गुरव पंचांनी दोन बोटं तोंडात घातली, कापसाचा बोळा ओढून काढला आणि खुर्चीत ताठ बसले. मुजावर मॅडम किंचाळल्या. गुरवांचा खालचा ओठ एका बाजूला लटकत होता, ब आणि म म्हणायला मिटत नव्हता, पण आवाज मैदानावरचाच.

"लांवी!" ते गरजले. "लांवी, लांवी! नखाची लांवी कवी करा! नियव लांवीचा आहे! रंग चालतो!"

आम्ही सगळे बघत राहिलो.

"रंग... चालतो?" सर म्हणाले.

"चालतो! वघाशी सांगतोय! नऊ नखांपासून सांगतोय!" आणि त्यांनी बोळा परत गालात कोंबला.

सरांनी हळूच खुर्ची ओढली आणि बसले. मुजावर मॅडमनी माझं बोट घेतलं, दोन टुर्रर्रमध्ये पुढे आलेलं टोक उडवलं, बोटाच्या कडेला बरोबर घासलं. झालं. गुलाबी, छोटं, घट्ट. नऊ नखं उगाचच गेली होती. पण आत्या तोवर दवाखान्यात नव्हतीच. ती बिरनाळे मॅडमना शोधायला एका चपलेवर पळाली होती, दुसरी दारात राहिली होती.

* * *

मी खेळले. पंचांनी मैदानावर रीतसर सगळ्यांची नखं तपासली, माझी नऊ खडबडीत नखं आणि एक नवरीचं नख पाहिलं, आणि अर्ध्या तोंडानं हसले. दुसरं अर्धं ऐकतच नव्हतं.

कुंडलचा संघ कसा होता म्हणून सांगू! त्यांच्याकडे ऐश्वर्या लाड होती. दारातून वाकून आत येणारी मुलगी. ती चढाईला आली की आमच्या मुली आपोआप मागे सरकायच्या. पहिल्या डावात तिनं मला दोनदा बाद केलं, मी दोन्ही वेळा पाय तिच्यासमोर ठेवला जणू ताटच वाढलंय. दुसऱ्या डावाच्या शेवटाला गुण बरोबरीत आले आणि शेवटच्या चढाईला पुन्हा तीच आली. माझ्या कोपऱ्यात.

मी कसलाही विचार केला नाही. तिनं पाय टाकला आणि मी घोट्यावर झडप घातली. दोन्ही हात, सगळी बोटं. ती पडली, पण मध्यरेषेकडे सरपटत निघाली, मला ओढत. मग अनुजा पडली तिच्यावर, मग बाकीच्या. मी सगळ्यांच्या खाली, तोंडात माती, फक्त डावा हात बाहेर, कडेच्या रेषेपाशी, घोट्याला गुंडाळलेला. ऐश्वर्याचं "कबड्डी कबड्डी" बारीक होत गेलं आणि थांबलं.

आता शिट्टी वाजायला हवी होती.

नाही वाजली. मला मुलींच्या पायांमधून गुरव पंच दिसत होते. ते गाल फुगवून जीव तोडून फुंकत होते आणि सुन्न ओठातून सगळी हवा बाजूनं निसटत होती. फुस्स. फुस्स. दुसरे पंच गुरवांच्या शिट्टीशिवाय श्वासही घेत नसत, ते तसेच उभे. शिट्टी नाही म्हणजे चढाई चालू. म्हणून कुणी कुणाला सोडेना.

"सोडू नका!" सर ओरडत होते.

"हीच ती," माझ्या डोक्याजवळ आत्याचा आवाज आला. धापा टाकत होती. "हेच बोट, मॅडम. बघा."

मी कशीबशी मान वळवली. रेषेच्या पलीकडे किनखापी काठाची साडी सावरत बिरनाळे मॅडम उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी चष्मा लावला, पर्समधून एक बारीक काडी काढली आणि माझ्या नखाच्या कडेखाली घालून उचकटायला लागल्या.

"हात स्थिर ठेव हं, बाळ."

"मॅडम, मी पकड केलीय!"

"हो हो, तू तुझं चालू दे."

त्यांनी एका बाजूनं उचकटलं, दुसऱ्या बाजूनं उचकटलं. चिमटीत धरून ओढलं. ऐश्वर्या लाडनं तिकडून पाय ओढला. मी दोन्हीकडून ताणली गेले. घोटाही सुटला नाही आणि नखही नाही.

"रिमूव्हर लावला होता?" मॅडमनी विचारलं.

"लावला. नेलकटर तुटलं, कानस झाली," आत्या म्हणाली. "दाताची मशीन लागली शेवटी."

"हं," मॅडम म्हणाल्या. काडी परत पर्समध्ये टाकली. मग, "कातडीला लागलंय कडेनं. ते सुधारा. पण पकडीला तोड नाही."

तेवढ्यात गुरव पंचांनी शिट्टी मैदानात फेकून दिली आणि दोन्ही हात आमच्या बाजूला पसरून ओरडले. "गुण! गुण! आउट!" मैदान नुसतं उसळलं. माझ्यावरच्या मुली एकेक करून उठल्या, उड्या मारायला लागल्या, सर अनुजाला मिठी मारत होते. मी मात्र पालथीच होते.

"अगं सोड की बाई," ऐश्वर्या लाड म्हणाली. "मी कधीच बाद झालेय."

"मेघू, सोड आता तिला," आत्या डोळे पुसत म्हणाली. "जिंकलात गं तुम्ही."

बिरनाळे मॅडमनी निकालाचा कागद पर्सवर पसरला होता, पण पेन चालत नव्हतं. त्या ते झटकत होत्या.

"थांब गं जरा," मी ऐश्वर्याला म्हटलं आणि घोटा आणखी आवळून धरला. "आधी सही होऊ दे."